इसार देण्याआधी घर नीट बघूया

आज आपण घर विकत घेण्याबद्दल बोलणार आहोत. नवं बांधायचं घर नव्हे, तर दुसऱ्यानं बांधलेलं, कुणी राहून गेलेलं किंवा रंग देऊन विकायला काढलेलं घर. मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला जायचं असतं, वाटणीत घर अपुरं पडतं, किंवा एकट्या बाईला डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं असतं. अशा वेळी तयार घर बघितलं जातं.

आपण म्हैस घ्यायला बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो. जमलं तर दोन वेळा धार काढून बघतो आणि मगच पैशाची गोष्ट. घर घेताना मात्र चहा पितो, नवा रंग बघतो, दार कुठल्या दिशेला आहे ते विचारतो आणि पंधरा मिनिटांत इसार देऊन मोकळे होतो. म्हैस वाईट निघाली तर परत बाजार दाखवता येतो. घर वाईट निघालं तर त्यातच राहावं लागतं आणि कर्जाचा हप्ताही भरावा लागतो.

काही जणी म्हणतात, बँकेचा माणूस येऊन बघून गेला की. येतो खरा. पण तो बँकेसाठी बघतो. कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. पावसाळ्यात तुमच्या चुलीपाशी पाणी येईल का, हे तो बघत नाही. ते आपणच बघायचं. आणि आम्ही अनुभवानं सांगतो, ते बायकांना चांगलं जमतं. कारण घरात पाणी कुठून येतं, कुठे जातं, ओल कुठे धरते आणि धूर कुठे कोंडतो, हे रोज बघणाऱ्या आपणच असतो.

आमच्या ग्रामसंघात आम्ही एक रीत पाडली आहे. गटातली कुणीही घर घेणार असेल तर तिच्यासोबत आणखी दोघी जातात. सोबत घ्यायचं सामान साधं आहे: वही-पेन, मोजायचा टेप, बॅटरी, एक दाभण आणि फोन. आता काय काय बघायचं ते एकेक सांगतो.

घर तीन वेळा बघा

एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा पावसात. दुपारी भेगा दिसतात. रात्री रस्त्याला दिवा आहे का, शेजार कसा आहे, आजूबाजूला दारूचा अड्डा आहे का, ते कळतं. पावसात घर स्वतःच सगळं सांगतं. उन्हाळ्यात घेत असाल आणि पावसाची वाट बघता येत नसेल, तर शेजारच्या बायकांना विचारा. मालक सांगणार नाही ते शेजारीण सांगते. नळाला किती दिवसांआड पाणी येतं? बोअर मे महिन्यात चालतो का? पावसाचं पाणी कुठवर येतं?

आमच्या संघातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. मालक अपघातात गेल्यावर विम्याचे पैसे आले, त्यातून त्यांना दोन खोल्यांचं घर घ्यायचं होतं. घर स्वच्छ, फरशी नवी, भावही बरा. दिरानं व्यवहार जवळपास ठरवला होता. त्या दिवशी सोबत गेलेल्या दोघींपैकी एकीनं भिंतीकडे बघून विचारलं, “बाकीचा रंग जुना, मग खालचा हातभरच नवा कसा?” शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, मागचा ओढा भरला की पाणी इथवर चढतं. ताईंनी इसार दिला नाही. दीर महिनाभर बोलले नाहीत. नंतर ताईंनी गावातच उंचावरचं एक लहान घर घेतलं. ती रक्कम त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा येणार नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो, संकोच करू नका. प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

बाहेरून सुरुवात करा

आधी घराभोवती एक फेरी मारा. जोतं रस्त्यापेक्षा उंच आहे का? अनेक गावांत रस्त्यावर रस्ता होत गेला आणि जुनी घरं खाली गेली. मग रस्त्याचं पाणी उंबरा ओलांडतं. घराभोवतीची जमीन भिंतीकडे उतरती असेल तर पाणी पायात मुरणार.

जमीन कसली आहे ते विचारा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेला होता का, हे ज्या गवंड्यानं घर बांधलं त्याला विचारा. गवंडी बहुतेक वेळा जवळपासचाच असतो.

आता भेगा. गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा जवळपास सगळ्याच घरांना असतात. त्यांना घाबरू नका. पण खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारखी चढणारी भेग, रुपयाचं नाणं आत जाईल एवढी रुंद भेग, किंवा भिंतीच्या आतून-बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग, या चार दिसल्या की थांबा. भेग अजून वाढते आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी कागदाची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा आणि तिच्यावर तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांनी पट्टी फाटली असेल तर भिंत हलते आहे.

सिमेंटच्या घरात कॉलम, तुळया आणि स्लॅबच्या खालची बाजू बघा. काँक्रीटवर तांबूस डाग, लांबलचक भेग, किंवा पोपडा पडून उघडी पडलेली गंजकी सळई दिसली तर आतलं लोखंड खराब होतंय. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. चांगलं काँक्रीट घट्ट आवाज देतं आणि आतून सुटलेलं बद्द वाजतं. असं काही आढळलं तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी आधी ठरवून घ्या. लाखांच्या घरापुढे ती रक्कम थोडी असते, आणि ती इसाराच्या आधी खर्च करायची, नंतर नाही.

दगड-मातीचं जुनं घर असेल तर

मराठवाड्यातल्या आपल्या बहिणींना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि भोवतीच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत भूकंप झाला. हजारो माणसं झोपेत गेली. बहुतेकांचा जीव स्वतःच्याच घराखाली गेला. जाड दगडी भिंती, दगडांमध्ये नुसती माती, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर आणखी माती पडत गेली आणि वजन वाढत गेलं. त्या भिंतींना बाहेरून एक आणि आतून एक असे दोन थर असतात आणि मध्ये भर असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले तर धक्क्यानं थर सुटतात आणि भिंत फुटते.

त्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा कार्यक्रम झाला, तेव्हा गावोगाव बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केलं. घर सुरक्षित कशानं होतं हे त्या शिकल्या आणि त्यांनी घरोघर समजावून सांगितलं. म्हणजे घर तपासणं हे बाईचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला मराठवाड्यातली ही गोष्ट सांगा.

जुनं घर घेताना भिंतीजवळ उभं राहून कडेनं डोळा लावा. भिंतीला पोट सुटलंय का? गवंड्याकडून ओळंबा लावून घ्या. भिंतीत आरपार दगड आहेत का? दारा-खिडक्यांच्या वर किंवा छताखाली सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? माळवदावर मातीचा थर किती जाड आहे? लाकडी खांब असतील तर ते खालून बघा. खांब वरून सागाचा शोभतो आणि बुडाशी कुजलेला असतो. दाभण टोचा. सहज आत गेलं तर लाकूड संपलेलं आहे.

छप्पर, ओल आणि वाळवी

स्लॅबचं घर असेल तर वर चढा. शक्य असेल तर दोन-चार बादल्या पाणी ओता आणि बघा. पाणी पन्हळीकडे पळतं की मध्येच डबकं होतं? मग खाली येऊन छताकडे बघा. पिवळट वर्तुळं, फुगलेला रंग, मिठासारखी पांढरी फुली म्हणजे पाणी झिरपतंय.

पत्र्याचं घर असेल तर भर दुपारी दार-खिडक्या लावून आत उभ्या राहा. वर जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे तिथे पाणी येणार. पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेत की हूक आणि बोल्टनं आवळलेत, ते बघा. वैशाखातल्या वावटळीत याचा हिशोब होतो.

ओल नाकानं ओळखता येते. बंद खोलीचं दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला तर कपाट सरकवून मागची भिंत बघा. भिंतीच्या खालच्या भागात रंगाचे पोपडे निघत असतील, लोणा धरला असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. ती रंगानं जात नाही. सगळ्या घरात एकच भिंत नवीन रंगवलेली असेल तर ती का, हे विचारा.

वाळवी भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या करून चढते. दाराच्या चौकटी, खिडक्या, कपाटाची मागची बाजू आणि जिन्याखालची अंधारी जागा बॅटरीनं बघा. चौकटीला दाभण टोचायला विसरू नका.

पाणी, संडास आणि लाईट

सगळे नळ एकदम उघडा. न्हाणीत आणि मोरीत बादली ओता. पाणी किती वेळात जातं आणि कुठे जातं, ते बाहेर जाऊन बघा. शेजाऱ्याच्या दारात जात असेल तर उद्याचं भांडण आजच विकत घेतलं समजा.

संडासाची टाकी कुठे आहे? तिच्यावर झाकण आहे का? उपसायला गाडी तिथवर येते का? टाकीचं पाणी शोषखड्ड्यात जातं की उघड्या गटारात? शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत साधारण ५० फूट तरी अंतर असावं, जास्त असेल तर उत्तम. चार-पाच बादल्या ओतून बघा. पाणी वर येत असेल तर टाकी भरली आहे किंवा काळ्या मातीत पाणी मुरत नाही. संडास आणि न्हाणी घरापासून किती दूर आहे, वाटेत उजेड आहे का, आतून कडी आहे का, हेही बघा. रात्री आजारी सासूला किंवा वयात आलेल्या मुलीला तिथे जायचं असतं.

लाईटच्या बाबतीत उघड्या वायरीला हात लावू नका. फक्त बघा. मीटर कुणाच्या नावावर आहे? ताजं बिल मागा. थकबाकी राहिली तर जोडणी नावावर करून घेताना अडचण येते. अर्थिंग केलेलं आहे का? शॉक लागला तर लाईट तोडणारा स्विच बसवला आहे का? ओल्या भिंतीत वायर असेल आणि अर्थिंग नसेल तर मोटार सुरू करतानाही जीव जाऊ शकतो. माहितगार वायरमनला एकदा दाखवा.

आणि स्वयंपाकघरात थोडा वेळ नुसत्या उभ्या राहा. धूर, वाफ बाहेर जायला वाट आहे का? ओटा तुमच्या उंचीला बरोबर आहे का? दिवसाचे कितीतरी तास आपले तिथेच जाणार आहेत.

तालुक्याच्या गावी फ्लॅट घेताना

नवीन इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की प्रकल्पाची माहिती दिसते. गटातल्या शिकलेल्या मुलीकडून बघून घ्या. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागता येत नाहीत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरनं ३० दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, प्रतीवर पोच घ्या.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का ते विचारा. आणि टेप काढून प्रत्येक खोली आतून मोजा. आपण पैसे देतो ते चटई क्षेत्राचे, म्हणजे भिंतींच्या आत आपल्याला वापरायला मिळणाऱ्या जागेचे. छोट्या इमारतीला महारेरा लागू नसेल तर आपली तपासणी दुप्पट कडक हवी.

कागदही तपासा

घर मजबूत आणि कागद कच्चा, असं घर आपलं होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद. तेवढ्यावर मालकी ठरत नाही. गावठाणात मिळकत पत्रिका आहे का बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी सुरू झाली, तुमच्या गावात ती झाली असेल तर पत्रिका मिळू शकते. शेतजमिनीवर बांधलेलं घर असेल तर सातबारा आणि अकृषिक परवानगी बघा. गायरानावरचं घर कुणी स्वस्तात देत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घर आपलं होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या, म्हणजे बोजा, गहाण, वाद कळतात.

आणखी एक गोष्ट. घर वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याच्या आईचा आणि बहिणींचाही त्यात हक्क असू शकतो. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना मुलांइतका वाटा दिला. त्यांच्या सह्या नसतील तर उद्या वाद उभा राहतो. आणि आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोत. दुसरीचा हक्क डावलून घेतलेल्या घरात सुखानं झोप लागत नाही.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की घरावर आपलं नाव असतं. ते नाही जमलं तर निदान दोघांचं नाव लावून घ्या. दागिना आपला मोडतो, गटाचं कर्ज आपण फेडतो, मग खतावर आपण का नसावं?

वहीत तीन याद्या करा

घर बघून आल्यावर त्याच दिवशी तिघींनी बसून वहीत लिहा. पहिल्या यादीत, ज्यामुळे घर घ्यायचंच नाही ते: हलणारी भिंत, गंजलेल्या सळया, घरात येणारं पुराचं पाणी, वादातला कागद. दुसऱ्या यादीत, जे मालकानं दुरुस्त करून द्यावं किंवा भाव कमी करावा ते: गळका स्लॅब, भरलेली टाकी, वायरिंग. खर्चाचा अंदाज गवंड्याकडून, वायरमनकडून घ्या आणि तो आकडा समोर ठेवून भावाची बोलणी करा. तिसऱ्या यादीत, जे आपल्याला चालण्यासारखं आहे ते: जुना रंग, फुटकी फरशी, लहान ओटा.

मग इसार. तो रोख देऊ नका, बँकेतून द्या. इसारपावतीत लिहून घ्या की अमुक दुरुस्ती करून द्यायची आहे, आणि कागदात दोष निघाला तर इसार परत मिळेल. “आजच द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे,” असं कुणी घाई करू लागलं की उलट दोन दिवस थांबा.

बहिणींनो, बहुतेक घरांत काहीतरी उणं निघतंच. ते उणं आधी कळलं तर त्याचा विचार करून घर घेता येतं. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत ही यादी उतरवून घ्या. दोघी-तिघींची नावं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे कुणाचं घर बघायचं निघालं की एकटीला जावं लागणार नाही.